बारोलो वाइन

बारोलो ही इटलीतल्या पिएमोंते भागातली रेड वाइन, आणि ती फक्त नेबियोलो या तिथल्या जुन्या द्राक्षापासूनच बनते, दुसरं द्राक्ष थोडंसुद्धा मिसळलेलं चालत नाही. बारोलो हे खरंतर एका लहानशा गावाचं नाव, पण आल्बा शहराजवळच्या लांगे टेकड्यांमधल्या ११ गावांच्या हद्दीत ही वाइन बनवता येते.

ग्लासात बघितली तर फिकट लाल, जुनी असेल तर विटकरी, त्यामुळे हलकीफुलकी असेल असं वाटतं आणि पहिल्याच घोटाला तोंड कच्ची सुपारी चावल्यासारखं आवळून येतं. नेबियोलोला रंग कमी पण तुरटपणा (टॅनिन) आणि आंबटपणा भरपूर, वर अल्कोहोल किमान १३ टक्के, म्हणून तिला मुरू दिल्याशिवाय गत्यंतर नाही. कायद्याने ज्या वर्षी द्राक्षं तोडली त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून ३८ महिने थांबावं लागतं, त्यातले १८ महिने लाकडी पिंपात, आणि लेबलवर रिझर्वा लिहायचं तर ६२ महिने. हे झालं किमान, चांगल्या वर्षाची बाटली वीस-तीस वर्षं आरामात टिकते. मुरलेल्या बारोलोला गुलाबाचा आणि डांबराचा वास येतो असं जाणकार म्हणतात, वाचायला विचित्र वाटतं पण हे वर्णन जगभर चालतं.

द्राक्षही हट्टीच. अंकुर लवकर फुटतात, पिकायला मात्र ऑक्टोबर उजाडतो, म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांना सगळ्यात जास्त मान. या ११ पैकी ला मोर्रा गावाकडची वाइन जरा मऊ समजतात, सेरालुंगा गावाची कडक, तिला वेळही जास्त लागतो, याचं श्रेय तिथल्या वेगवेगळ्या मातीला देतात.

१९८० साली बारोलोला डीओसीजी हा इटलीतला सर्वात वरचा दर्जा मिळाला आणि साधारण त्याच काळात भांडण पेटलं. जुने लोक मोठ्या पिंपांत वर्षानुवर्षं वाइन ठेवायचे, तर एलिओ आल्तारेसारख्या तरुणांना २२५ लिटरची छोटी फ्रेंच पिंपं (बारिक) हवी होती, वाइन लवकर पिण्याजोगी व्हावी म्हणून, आणि या पठ्ठ्याने तर वडिलांची जुनी पिंपं सरळ करवतीने कापून टाकली. उलट बाजूला जुन्या पद्धतीचे वाइनवाले बार्तोलो मास्कारेल्लो, त्यांनी लेबलवरच लिहिलं ‘नो बारिक, नो बर्लुस्कोनी’ (बर्लुस्कोनी म्हणजे इटलीचे माजी पंतप्रधान). आता ते वाद बरेच थंडावलेत, अनेकजण मधला मार्ग धरतात, आणि मोठी पिंपंही पुन्हा दिसायला लागली आहेत.

तिकडे ही वाइन बीफ, जुनं चीज आणि आल्बाच्या पांढऱ्या ट्रफलबरोबर (जमिनीखाली उगवणारी खाद्य बुरशी) पितात. बारोलो किनातो नावाचा एक गोडसर कडवट प्रकारही आहे, त्यात सिंकोनाची साल आणि मसाले घालतात, पूर्वी तो औषध म्हणून चालायचा, आता जेवणानंतर, बऱ्याचदा चॉकलेटबरोबर घेतात.