इन्सुलेटेड बाटली की थर्मास : उन्हाळ्यात सायकलला काय लावावे

होळी होऊन गेली आणि सकाळी साडेआठलाच ऊन टोचू लागले, की आमच्या सायकलवाल्या मंडळीत एक प्रश्न ठरल्या वेळी निघतो : सायकलसाठी चांगली इन्सुलेटेड बाटली कोणती? त्यावर जी उत्तरे मिळतात त्यांतली निम्मी दाबून पिण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीविषयी असतात आणि निम्मी स्टीलच्या थर्मासविषयी. विचारणारा बिचारा दोन्हींचे गुण एकाच वस्तूत मिळतील अशा समजुतीने पैसे मोजून येतो, आणि पहिल्याच रविवारी त्याची तक्रार ऐकावी लागते. इन्सुलेटेड हा शब्द दोन्हींवर छापलेला असतो एवढेच त्यांच्यात साम्य आहे.

थर्मास घरोघरी आहे, म्हणून त्याविषयी थोडक्यात सांगतो. दोन भिंती असतात आणि मधली हवा काढून टाकलेली असते, त्यामुळे उष्णतेला एका भिंतीकडून दुसरीकडे जायला माध्यमच उरत नाही. शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर यांनी १८९२ साली लंडनमध्ये अतिशीत द्रवरूप वायू टिकवण्यासाठी ही युक्ती केली, आणि पुढे तिच्यातून चहाचा थर्मास निघाला. पूर्वी आत काच असे आणि ती घरापेक्षा प्रवासात जास्त फुटे. आता दोन्ही भिंती स्टीलच्या असतात. हल्ली ऑफिसच्या टेबलावर दिसणारी ‘चोवीस तास गार’ असे लिहिलेली रंगीत बाटली म्हणजे नवे नाव घेतलेला थर्मासच होय.

सायकलची म्हणून विकली जाणारी इन्सुलेटेड बाटली ही निराळी जात आहे. तिच्याही दोन भिंती असतात, पण त्या मऊ प्लास्टिकच्या, आणि मध्ये फोमचा पातळ थर किंवा नुसती कोंडलेली हवा असते. काहींत चकचकीत फॉइलही घातलेले असते. ही बाटली उष्णता अडवत नाही, तिला फक्त उशीर करते. कॅमलबॅकची पोडियम चिल ही या जातीची नावाजलेली बाटली, पण तिच्याविषयी खुद्द कंपनीचा दावाही साध्या बाटलीच्या दुप्पट वेळ पाणी गार राहील एवढाच आहे. एक बाटली ‘दुप्पट’ म्हणते आणि दुसरी ‘चोवीस तास’ म्हणते, यावरूनच या दोन वस्तूंची तुलना एका रांगेत होऊ शकत नाही हे कळायला हवे.

मग लोक साहजिकच विचारतात, की दाबता येणारी बाटली थर्माससारखी निर्वात का करत नाहीत? सगळ्या घोटाळ्याचे मूळ या प्रश्नात आहे, म्हणून इथे जरा थांबतो. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो वजनाएवढा असतो. बाटलीच्या दोन भिंतींमधली हवा काढली की आतून त्याला उलटे रेटणारे काही राहत नाही, आणि बाहेरची भिंत हा सगळा दाब एकटी सोसते. सायकलच्या केजमध्ये, म्हणजे सांगाड्यावरच्या बाटली अडकवायच्या पिंजऱ्यात, बसणाऱ्या बाटलीचा व्यास सुमारे ७३ मिलिमीटर असतो आणि उंची वीस सेंटिमीटर धरली, तर नुसत्या गोल अंगावरच साडेचारशे किलोंच्या आसपास भार येतो. स्टीलची भिंत तो मुकाट्याने पेलते. बोटांनी दबणारे मऊ प्लास्टिक त्याखाली तत्क्षणी आतल्या भिंतीला जाऊन चिकटेल, आणि दोन भिंती चिकटल्या की निर्वात पोकळी संपलीच. म्हणजे जी बाटली दाबता येते ती निर्वात असू शकत नाही आणि जी निर्वात आहे ती दाबता येत नाही. हा एखाद्या कंपनीचा आळस नव्हे. बाटलीचा मऊपणा आणि पोकळी या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. मऊ प्लास्टिकच्या बाटलीवर कोणी व्हॅक्यूम असे छापले असेल, तर ती तशीच खाली ठेवून दुकानातून बाहेर पडावे.

दाबता येण्याचे एवढे काय कौतुक, असे घरात बसून वाटू शकते. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट चढत असल्याची कल्पना करा. ऊन वर आलेले, डाव्या अंगाला दगडी कडा तापलेला, उजवीकडून ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत चाललेले. एक हात हँडलवर ठेवून दुसऱ्या हाताने बाटली काढायची, नजर रस्त्यावरून न हलवता तोंडाशी आणायची, एकदा दाबली की पाण्याची चिळकांडी थेट घशात जाते, आणि दोन सेकंदांत बाटली परत केजमध्ये. स्टीलचा थर्मास घेतला तर झाकण फिरवायला दुसरा हात लागतो. चोखायची नळी असेल तर आधीच धाप लागलेली असताना श्वास रोखून पाणी ओढावे लागते. हवा आत घेणारी खास झाकणेही निघाली आहेत, त्यांतून धार बरी येते, पण बाटली उलटी धरून मान मागे टाकावी लागते आणि तेवढ्या वेळात समोरचा खड्डा आपली वाट पाहत थांबत नाही. याचा परिणाम असा, की थर्मासवाला ‘पुढे थांबलो की पिऊ’ म्हणत राहतो आणि गारेगार पाणी जवळ असूनही कोरडा पडतो.

चोवीस तासांचा आकडाही या जोडीनेच तपासावा. तो भरलेल्या, झाकण बंद असलेल्या आणि जागची न हललेल्या बाटलीचा असतो. उन्हात पॅडल मारताना तासाला पाऊण लिटर पाणी सहज लागते, म्हणजे हातातली बाटली तासाभरात रिकामी व्हायलाच हवी. तासाभरात संपणाऱ्या पाण्याला चोवीस तासांची हमी घेऊन काय करायचे? फोमची बाटली तेवढा तास बऱ्यापैकी निभावते. तिचे शेवटचे चार घोट कोमट लागतात, कारण पाणी कमी झाले की तापायलाही कमी उष्णता पुरते आणि हिंदकळत ते सगळ्या भिंतीला लागत राहते. त्यात वारा आहेच. घरात टेबलावर ठेवलेल्या बाटलीपेक्षा ताशी पंचवीस किलोमीटरने चाळीस अंशांच्या हवेतून धावणारी बाटली कितीतरी लवकर तापते, म्हणून दुकानातला किंवा घरातला अनुभव रस्त्यावर लागू करू नये. काळ्या रंगाची बाटली तर उन्हाळ्यासाठी घेऊच नये. ती कितीही रुबाबदार दिसली तरी.

आमच्यातल्या एकाने मागच्या एप्रिलमध्ये नवा स्टीलचा थर्मास नळाच्या पाण्याने भरला, झाकण घट्ट लावले आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी शिरवळला त्याने तो मोठ्या अपेक्षेने उघडला, तर आत नळाचेच पाणी. थर्मास उत्तम होता, म्हणूनच तसे झाले : बाहेरची उष्णता आत येऊ न देणारी भिंत फ्रिजचा गारवा तरी आत कशी जाऊ देईल? कोणतीही इन्सुलेटेड बाटली पाणी गार करत नाही, तुम्ही दिलेला गारवा राखते, आणि तो द्यायचा तर बर्फाला तोड नाही. दोनशे ग्रॅम बर्फ वितळताना जेवढी उष्णता पितो, तेवढ्या उष्णतेने सहाशे मिलिलीटर पाणी आठ अंशांवरून चौतीस-पस्तीसवर जाईल. दुसऱ्या शब्दांत, मूठ-दोन मूठ खड्यांत अख्ख्या बाटलीभर फ्रिजच्या पाण्याएवढा गारवा असतो. म्हणून फोमची बाटली अर्धी बर्फाच्या खड्यांनी भरावी आणि वर फ्रिजचे पाणी ओतावे. तिचे तोंड रुंद असते, खडे सरळ आत जातात. अख्खी बाटली फ्रीजरमध्ये गोठवून आणणाऱ्यांना मात्र हात जोडावेसे वाटतात. पहिला तासभर त्यांच्याकडे पिण्यासारखे काही नसते, नुसता ठोकळा खडखडत असतो. भरलेला थर्मास तर फ्रीजरमध्ये कधीच ठेवू नये. बर्फ फुगतो आणि तळ बाहेर येतो.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. थर्मास रिकामाच तीन-चारशे ग्रॅम भरतो, त्यातले जाडे थर्मास केजमध्ये बसत नाहीत, आणि जे बसतात ते रस्त्यावरच्या रंबलर पट्ट्यांवरून जाताना खडखडतात किंवा उडी मारून रस्त्यावर येतात. फोमच्या बाटलीत त्याच आकाराच्या साध्या बाटलीपेक्षा शंभरेक मिलिलीटर पाणी कमी मावते. लिंबू-साखर-मिठाचे पाणी दोन्हींत चालते, मात्र फोमच्या बाटलीचे तोंड घरी आल्यावर उघडून धुवावे. आठ दिवसांनी त्यात काळी बुरशी दिसली तर दोष बाटलीचा नसतो.

यावरून थर्मास सायकलवर नेऊच नये असे मी म्हणत नाही. तो केजमध्ये नको, बॅगेत हवा. दोनशे किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरल्या वेळात पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, साडेतेरा तासांची मुदत असते, म्हणजे दुपारचे ऊन चुकत नाही. तेव्हा मी रुंद तोंडाचा अर्ध्या लिटरचा थर्मास घरच्या बर्फाने गच्च भरून हँडलच्या बॅगेत ठेवतो आणि दोनदाच उघडतो, एकदा अकराच्या सुमारास आणि एकदा दोन वाजता. थांब्यावर कॅनचे पाणी फोमच्या बाटलीत भरायचे, त्यात थर्मासमधले खडे टाकायचे आणि निघायचे. रस्त्यावरचा बर्फ मी घेत नाही. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे, पण गाडीवरचा बर्फ पांढरा दिसला म्हणून तो पिण्याच्या पाण्याचाच असेल, याची खात्री मला तरी वाटत नाही.

दुसऱ्या केजमध्ये मी साधी, एका भिंतीची, स्वस्त बाटली लावतो, आणि तिच्यावर भिजवलेला जाड सुती पायमोजा चढवतो. लोक हसतात, पण बैलगाडीला आणि ट्रकला लटकणारी कापडी छागळ ज्यांनी पाहिली आहे ते हसत नाहीत. पायमोज्यातले पाणी उडून जाताना बाटलीतली उष्णता घेऊन जाते, आणि फोमच्या बाटलीचा शत्रू असलेला वारा इथे आपल्या बाजूने काम करतो. हाच पायमोजा फोमच्या बाटलीवर किंवा थर्मासवर चढवणे मात्र फुकट आहे, कारण बाहेर तयार झालेला गारवा त्यांची भिंत आत पोचू देत नाही. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हात ही साधी बाटली थंडगार नाही तरी माठाच्या पाण्याची आठवण करून देते. फक्त पायमोजा वाळला की त्यावर पुन्हा घोटभर पाणी शिंपडावे लागते. कोकणात मे महिन्यात तो वाळतच नाही, बाटलीही गार होत नाही आणि संध्याकाळी वास तेवढा येतो, म्हणून चिपळूणकडे खाली उतरताना मी तो काढून ठेवतो.