मॉड डेलॅप, काचेच्या बरण्या आणि जेलीफिश: थोडी पार्श्वभूमी

आयर्लंडच्या नैऋत्य टोकाला, केरी काउंटीत, व्हॅलेंशिया नावाचं बेट आहे. इतिहासात हे बेट ओळखलं जातं ते अटलांटिकखालून टाकलेल्या टेलिग्राफ केबलमुळे, जी बऱ्याच फजितीनंतर १८६६ मध्ये एकदाची नीट चालू झाली. योगायोग बघा, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिकडे उत्तरेला डोनेगॉलमध्ये, पुढे घरच्या घरी जेलीफिश वाढवून अभ्यासणाऱ्या मॉड डेलॅपचा जन्म झाला, दहा भावंडांत सातवी, वडील पाद्री. १८७४ मध्ये वडिलांची नेमणूक व्हॅलेंशियाला झाली, सगळं बिऱ्हाड बेटावर आलं, आणि मॉड १९५३ मध्ये वारली तोपर्यंत तिथलीच होऊन राहिली.

आज समुद्राचा अभ्यास केलेल्या पूर्वीच्या बायकांची आठवण म्हणून चित्रं, गाणी, शाळेतल्या मुलांचे प्रयोग असं सगळं एकत्र करून कार्यक्रम होतात, आणि "यात सायन्स कुठंय, ही तर क्राफ्टची कामं" असा सूर हमखास लागतो. मॉडची गोष्ट त्यासाठीच नीट बघायला हवी.

भाऊ रीतसर शिकले, मुलींना शाळेचं शिक्षण जेमतेमच मिळालं. पण वडील स्वतः हौशी निसर्ग-अभ्यासक, आयरिश नॅचरॅलिस्ट या मासिकात त्यांच्या नोंदी छापून यायच्या, त्यामुळे किनाऱ्यावर काही सापडलं की ते नीट बघायचं, ओळखायचं, लिहून ठेवायचं हे घरात मुरलेलं होतं. मग १८९५-९६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड ब्राऊन आपली टीम घेऊन व्हॅलेंशिया बंदराचा सर्व्हे करायला आले. मॉड आणि तिची बहीण कॉन्स्टन्स त्यांना मदत करायला लागल्या. टीम परत गेली पण या दोघी थांबल्याच नाहीत, वल्ह्याची बोट काढायची, बारीक जाळं पाण्यातून ओढायचं, काय मिळालं त्याची नोंद करायची आणि नमुने ब्राऊनना पाठवायचे. हा पत्रव्यवहार १९३७ मध्ये ब्राऊन गेले तोपर्यंत चालला. (तिचं ब्राऊनवर प्रेम होतं आणि ती त्यांना दर वाढदिवसाला व्हायोलेटची फुलं पाठवायची असंही सांगतात. असेल. पण तिच्यावरच्या प्रत्येक लेखात आधी हीच फुलं येतात आणि जेलीफिश वाढवलेल्या बरण्या नंतर, ते काही पटत नाही.)

तर बरण्या. जेलीफिश जन्मतःच छत्रीसारखा तरंगत नसतो. बहुतेक जातींमध्ये अंड्यातून अळी निघते, ती कुठेतरी चिकटते आणि तिचा फुलासारखा इवलासा पॉलिप होतो. काही काळाने त्या पॉलिपवर आडव्या चकत्या पडायला लागतात आणि एकेक चकती सुटून पोहायला लागते, तो बाळ-जेलीफिश, त्याला एफायरा म्हणतात. अडचण अशी की समुद्रात पॉलिप एकीकडे, जेलीफिश दुसरीकडे, कोण कोणाचं पोर हे कळणार कसं? त्यासाठी एकच उपाय, अंड्यापासून मोठं होईपर्यंत डोळ्यासमोर वाढवायचं.

मॉडने तेच केलं. १८९९ च्या उन्हाळ्यात कंपास जेलीफिश पकडून घंटेच्या आकाराच्या काचेच्या बेल जारमध्ये ठेवला, त्याची पिल्लावळ सांभाळली, पॉलिप, एफायरा, मोठा जेलीफिश असा अख्खा प्रवास बघितला आणि १९०१ मध्ये छापला. पुढे निळ्या जेलीफिशचं तेच. बंदिस्त पाण्यात जेलीफिशचं पूर्ण आयुष्य वाढवून दाखवणारी ती पहिली मानली जाते. पाणी बदलणं, खायला काय चालतं ते शोधणं, सगळं घरच्या घरी, ना पंप ना वीज. आजसुद्धा मोठी ॲक्वेरियम्स जेलीफिशला गोल टाक्यांत ठेवतात कारण कोपऱ्यात अडकून त्यांच्या चिंध्या होतात, आणि तिची घरगुती बरणी गोलच होती. या प्रयोगशाळेला घरचे "डिपार्टमेंट" म्हणायचे. पुस्तकं, नमुने, टाक्या यांचा पसारा आणि ओहोटीचा वास, असं तिच्या पुतण्याने त्याचं वर्णन करून ठेवलंय.

१९०६ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथच्या सागरी संशोधन केंद्रात नोकरी चालून आली. ती गेली नाही. माझी मुलगी घर सोडेल ती लग्न होऊनच, असं वडील म्हणाले असं सांगतात. त्याच वर्षी वडील वारले. पुढे मॉड आणि बहिणींनी फुलं पिकवून लंडनला विकायला पाठवली. अभ्यास चालूच. एकदा किनाऱ्यावर एक दुर्मिळ चोचीचा व्हेल वाहून आला, ट्रूज बीक्ड व्हेल, डब्लिनच्या म्युझियमला डोकं आणि वल्ह्यासारखे पर पाठवले, मग म्हणे म्युझियमने उरलेला सांगाडाही मागितला आणि बाईंनी शतावरीच्या वाफ्यात पुरलेला व्हेल परत उकरून काढला.

मान मिळाला तो उशिरा. १९२८ मध्ये तिने शोधलेल्या एका समुद्रफुलाला (सी ॲनिमोन, फुलासारखा दिसणारा प्राणी) एडवर्डसिया डेलापिए असं नाव दिलं गेलं, १९३६ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गशास्त्राच्या संस्थेने असोसिएट करून घेतलं. बेटावर फलक लागला १९९८ मध्ये.

आता कलेचा मुद्दा. मासा स्पिरिटमध्ये टिकतो, शिंपला तर तसाच टिकतो, जेलीफिश मात्र जवळपास सगळा पाणीच, बाटलीत घातला की आक्रसतो, रंग उडतो, ओळखू येत नाही. म्हणून जेलीफिशच्या विज्ञानाला पहिल्यापासून चित्रकार आणि कारागीर लागलेच. एकोणिसाव्या शतकात लिओपोल्ड आणि रुडॉल्फ ब्लाश्का या बापलेकांनी काचेचे समुद्रजीव घडवले ते म्युझियम्सनी शिकवायला विकत घेतले, डब्लिनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमकडे त्यांचा मोठा संग्रह आहे. आणि मॉडचं नाव प्राणिशास्त्राच्या बाहेरच्या लोकांपर्यंत आणण्यात मोठा वाटा आयरिश कलाकार डोरोथी क्रॉस यांचा. २००० नंतर त्यांनी प्राणिशास्त्रज्ञ भाऊ टॉम क्रॉस यांच्याबरोबर जेलीफिशवर प्रोजेक्ट केला, भाऊ ऑस्ट्रेलियातल्या विषारी बॉक्स जेलीफिशचं पोहणं मोजतोय, बहीण मॉडचं आयुष्य उलगडतेय, आणि दोन्ही एकाच फिल्ममध्ये. २००४ मध्ये त्यांनी व्हॅलेंशियाच्याच पाटीच्या दगडाच्या खाणीत पर्गोलेझीच्या 'स्टाबाट माटेर' या धार्मिक गायनरचनेचा प्रयोगही केला.

त्यामुळे मुलांनी कागदाचे जेलीफिश कापून टांगले तर खुशाल टांगू द्या, फक्त शेजारी पाण्यात जिवंत पॉलिपही ठेवा आणि चकत्या कधी पडतात ते रोज बघून लिहायला लावा. मॉडचं काम तेवढंच होतं, आणि ते तिने वर्षानुवर्षं केलं.