कास्टमुळे ऑब्जेक्ट बदलत नाही

इंदूरला जावा ही प्रोग्रामिंग भाषा शिकणाऱ्यांत फिरणारा समज: रनटाइमला (म्हणजे प्रोग्राम चालू असताना) आपल्याला वर्गाचं (क्लासचं) नाव कळलं की ‘क्लास.फॉरनेम’ने वर्ग मिळवायचा, त्याच्या ‘कास्ट’ मेथडला ऑब्जेक्ट द्यायचा, की तो ऑब्जेक्ट त्या टाइपचा होतो.

तसं होत नाही. ‘कास्ट’ फक्त तपासतं. टाइप जुळला (किंवा नल, म्हणजे ऑब्जेक्टच नसला) तर तोच संदर्भ (त्याच ऑब्जेक्टचा पत्ता) परत मिळतो, नाहीतर क्लासकास्टएक्सेप्शन ही चूक येते. शेवेच्या डब्यावर जिरावण मसाल्याची चिठ्ठी लावली तरी आत शेवच!

करून पाहा: पिनकोड "४५२००१" ही स्ट्रिंग (मजकूर) इंटिजरच्या (पूर्णांकाच्या) क्लासने कास्ट करा, एक्सेप्शन येईल. ‘इंटिजर.व्हॅल्यूऑफ’ मात्र त्यातून आकडा काढून देईल.

खरी अडचण कंपायलरची, म्हणजे चालवण्याआधी कोड तपासणाऱ्याची. ‘फॉरनेम’ परत देतं ते ‘क्लास<?>’, म्हणजे ‘कुठला तरी वर्ग’, म्हणून कास्टनंतरही कंपायलरला नुसता ‘ऑब्जेक्ट’ हा सर्वसाधारण टाइपच दिसतो आणि त्या वर्गाच्या खास मेथड थेट बोलावता येत नाहीत. त्यासाठी कंपायलरला आधीच ठाऊक असलेला इंटरफेस (मेथडची ठरलेली यादी) वापरा. तो नसेल तरच रिफ्लेक्शन, म्हणजे प्रोग्राम चालू असताना नावाने मेथड शोधून बोलावणं.