ऑनलाइन सातबारा आणि ‘लेखनप्रमाद’: पार्श्वभूमी

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणासाठी केंद्राने १९८८-८९ मध्ये देशातले आठ जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातला वर्धा होता. पुढची वीसेक वर्षे डेटा एंट्री होत राहिली, छापील उतारे मिळू लागले, पण हस्तलिखित सातबाराही बंद झाला नाही. एकाच गटाचे दोन उतारे आणि दोन्ही सरकारीच. २००८ मध्ये नवा राष्ट्रीय कार्यक्रम आला. कामाची पद्धत मात्र खऱ्या अर्थाने बदलली ती ई-फेरफारमुळे, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांची नोंद करणाऱ्या ऑनलाइन प्रणालीमुळे. नोंद संगणकातच धरायची, मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित केली की सातबाऱ्यावर अंमल.

त्यासाठी संगणकातला सातबारा हस्तलिखिताशी तंतोतंत जुळायला हवा होता, आणि तो जुळत नव्हता. जुन्या सातबाऱ्यावर कमी झालेल्या खातेदाराचे नाव खोडत नाहीत, कंसात टाकतात. टाइप करणाऱ्याकडून तो कंस सुटला की विकून मोकळा झालेला माणूस पुन्हा मालक. आणेवारीतले (आणे-पैत मांडलेले) हिस्से, ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) सारखे शेरे, इतर हक्कातले बोजे (कर्ज वगैरे) यांचेही तेच. मग चुका सुधारण्यासाठी एडिट, २०१७ चे चावडी वाचन (गावात सातबारे जाहीर वाचून दाखवणे), नंतर पुन्हा दुरुस्तीचे री-एडिट. दिवसा सर्व्हर हलत नसे, म्हणून तलाठी रात्री जागून काम करत. आधी दप्तर साफ करून मग प्रणाली आणायची, हा साधा क्रम उलटा झाला आणि त्याची किंमत सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याने मोजली.

वाद पेटला तो कलम १५५ वरून. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधले हे कलम तीन प्रकारच्या चुकांबद्दल बोलते: लेखनप्रमाद (लिहिता-टाइप करताना झालेली चूक), संबंधित पक्षांनी मान्य केलेली चूक आणि तपासणीत अधिकाऱ्याच्या नजरेस आलेली चूक. तिसऱ्या प्रकारात नोटीस देऊन हरकती निकाली काढल्याशिवाय दुरुस्ती करता येत नाही. सुटलेला कंस हा लेखनप्रमाद, यात दुमत नाही. पण फेरफार मंजूर होऊन हस्तलिखितावर अंमलच झाला नसेल तर? चाळीस वर्षांपूर्वीच्या वारस नोंदीत बहिणीचे नाव राहिले असेल तर? ही शेवटची चूक लेखणीची नव्हे, निर्णयाची. तिचा रस्ता कलम २४७ खालच्या अपिलाचा. तो लांबचा. इकडे वरिष्ठांच्या दर व्हीसीला (व्हिडिओ कॉन्फरन्सला) पूर्ण झालेल्या कामाची तालुकानिहाय टक्केवारी विचारली जात होती. मग लेखनप्रमाद हा शब्द रबरासारखा ताणला गेला. क्षेत्राचा मेळ घालताना कुणाचे दोन-चार आर कमी झाले आणि खातेदाराला ते उतारा काढल्यावरच कळले, अशा तक्रारी आल्या. १५५ ला सरसकट पळवाट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही; त्याशिवाय लाखो निव्वळ टंकनचुका सुधारणार कशा? नोटिशीचा टप्पा गाळणे मात्र कोणत्याही घाईत क्षम्य नव्हते.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ रोजी सुरू झाला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि नमुना बारा (सातबाऱ्यातला पिकांच्या नोंदीचा भाग) भरण्याचे काम शेतकऱ्याच्या मोबाइलवर गेले. २०२४ मध्ये तलाठ्याचे पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले. गावात अजून तात्याच म्हणतात. तलाठ्यांच्या आंदोलनाची रीतही बदलली आहे: पूर्वी अतिरिक्त सजांचे (जादा सोपवलेल्या गावांचे) दप्तर तहसीलला जमा व्हायचे, आता डीएससी (डिजिटल स्वाक्षरीची किल्ली) जमा होते आणि त्या दिवसापासून फेरफार थांबतात.