झुंजणं आणि झुंजवणं

धीरयो म्हणजे बैलांच्या झुंजी. त्या कायदेशीर करा, ही मागणी गोव्याच्या विधानसभेत पुन्हा पुन्हा उठते. तिच्यामागचा सवाल ठरलेला असतो. कुस्ती चालते, बॉक्सिंग चालतं, रिंगणात माणसांची नाकं फुटतात आणि सरकार त्यांना बक्षिसं देतं. मग दोन बैलांनी शिंगाला शिंग लावलं तर काय बिघडलं? हा सवाल झटकून टाकण्यासारखा नाही. ‘क्रूरता’ हा एक शब्द फेकून त्याचं उत्तर होत नाही आणि ‘परंपरा’ म्हणूनही होत नाही. माणसाची झुंज आणि जनावराची झुंज आपल्याकडे शेकडो वर्षं एकाच मांडवाखाली होत आली आहे. त्यांची वाटणी कधी आणि कशी झाली, ते आधी पाहावं लागेल.

जुन्या धर्मशास्त्रात जुगाराचे दोन प्रकार सांगितले आहेत. फाशांसारख्या निर्जीव वस्तूंनी खेळतात ते द्यूत आणि जिवंत प्राणी पुढे करून पैज लावतात तो समाह्वय. मनुस्मृती दोन्ही राज्याबाहेर काढायला सांगते. याज्ञवल्क्यस्मृती मात्र राजाच्या देखरेखीखाली, राजाचा वाटा ठेवून ते चालू देते. या याज्ञवल्क्यावर विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली ती कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, विक्रमादित्य सहावा गादीवर असताना. समाह्वय कशाकशाने होतो हे सांगताना तो एका समासात तीन नावं ओवतो: मल्ल, मेष, महिष. पैलवान, एडका आणि रेडा एका ओळीत. मला हा समास फार बोलका वाटतो. पैज लावणाऱ्याच्या नजरेत या तिघांत काही फरक नव्हता. तिघेही दुसऱ्याच्या पैशासाठी रिंगणात उतरवलेले जीव.

त्याच कल्याणीत पुढच्याच पिढीत विक्रमादित्याचा मुलगा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ रचला. बाराव्या शतकातल्या या ग्रंथात राजाच्या करमणुकीचे प्रकार ‘विनोद’ या नावाने येतात. शस्त्र घेऊन लढणाऱ्यांचा अंकविनोद, मल्लविनोद, गजविनोद, कोंबड्यांचा, लावा पक्ष्यांचा, एडक्यांचा, रेड्यांचा, असे ते एकामागून एक येतात. मल्लांच्या प्रतीसुद्धा त्यात लावलेल्या आहेत: ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक, गोवल. त्यांचा खुराक, मेहनत, आखाडा यांची तपशीलवार नोंद आहे. यातला सगळा विचार राजाला मजा कशात येते याचा आहे. झुंजणाऱ्याला काय वाटतं, हा प्रश्न माणसाच्या बाबतीतही तिथे विचारलेला नाही.

म्हणून ‘माणसांच्या झुंजी पूर्वीपासून सभ्य आणि जनावरांच्या तेवढ्या रानटी’ असं कुणी म्हटलं तर ते खरं नाही. लुई रुसले हा फ्रेंच प्रवासी १८६०च्या दशकात बडोद्याला खंडेराव गायकवाडांच्या दरबारी होता. तिथल्या अगडात, म्हणजे झुंजीच्या बंदिस्त मैदानात, हत्तींच्या झुंजी होत, त्याचं वर्णन त्याने केलं आहे. त्याच बरोबर त्याने ‘नकी की कुस्ती’ पाहिली. या लढतीत पैलवानांच्या मुठींना शिंगाची नखं बांधलेली असत आणि ती एकमेकांची कातडी फाडत. लढणारे नशेत असत. रुसलेला ते बघवलं नाही. म्हैसूरच्या दसऱ्यात जेट्टी या पैलवान जमातीची वज्रमुष्टी ही लढत आजही होते, पण रक्ताचा पहिला थेंब दिसला की ती तिथेच थांबवतात. बडोद्याची नखं आणि म्हैसूरचा पहिला थेंब यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते या सगळ्या इतिहासातलं महत्त्वाचं अंतर आहे.

कोल्हापुरात तर दोन्ही गोष्टी एकाच राजाने उभ्या केलेल्या दिसतात. शाहू महाराजांना मर्दानी खेळांचा शौक होता. शहरात साठमारी नावाचा भाग आहे, तिथे चिथावलेल्या हत्तीसमोर साठमार पायी उतरत. माणूस शिरू शकेल पण हत्तीला आत येता येणार नाही, असे दगडी आडोसे त्यांच्यासाठी बांधलेले होते. हत्ती अंगावर आला की साठमाराने त्यात शिरायचं, हत्ती वळला की बाहेर येऊन पुन्हा डिवचायचं. त्याच महाराजांनी १९०२च्या युरोप दौऱ्यात रोमचं कलोसियम पाहिलं आणि परतल्यावर खासबागेचं मैदान उभारलं. ते १९१२ साली पुरं झालं. कुठेही बसलं तरी मधला हौद दिसावा अशी त्याची उतरती गोल बैठक आहे आणि हजारो माणसं तिथे एका वेळी कुस्ती बघतात. आज खासबागेत शड्डू घुमतो. साठमारीतून हत्ती गेला तो गेलाच, मराठीत फक्त ‘सत्तेची साठमारी’ तेवढी उरली. एका शहरातला एक खेळ टिकला आणि दुसरा संपला. संस्थानं गेली, हत्ती पोसणं परवडेना, ही कारणं आहेतच. पण कुस्तीकडे असं काहीतरी होतं जे साठमारीकडे कधीच येऊ शकलं नसतं.

ते काय होतं, हे यात्रेतल्या मैदानात नीट दिसतं. कुस्त्या सुरू होण्याआधी जोड लावतात. कमिटीतला माणूस एका पोराचा हात धरून दुसऱ्या पोरासमोर नेतो. दोघं एकमेकांना निरखतात, मनगट बघतात, मान बघतात. कधीकधी एकजण मान हलवतो आणि मागे सरकतो. जोड जमत नाही. वस्तादही म्हणतो, राहू द्या, पोरगा हलका आहे. कुणी त्या पोराला भित्रा म्हणत नाही, त्याच्यासाठी दुसरा जोड बघतात. जमला तर दोघांचे हात वर करून मैदानातून फिरवतात, मग माती हातात घेऊन सलामी. तांबड्या मातीत ताक, लिंबू, तेल, हळद मुरलेली असते, म्हणून खरचटलं तरी जखम चिघळत नाही असं तालमीत सांगतात. खांदे टेकले की चितपट, ठोसा मारायचा नाही, निकाल लागेना तर पंच बरोबरीत सोडवतो. मागे सरकणाऱ्या त्या पोराची हललेली मान ही साधी गोष्ट नव्हे.

कायद्याने ही मान १८६० साली ओळखली. भारतीय दंड संहितेचं कलम ८७ सांगत होतं की अठरा वर्षांवरील माणसाने स्वतः संमती दिली असेल आणि मृत्यू किंवा जबर दुखापत करण्याचा हेतू नसेल, तर त्यात झालेली इजा गुन्हा ठरत नाही. कलमाखाली उदाहरणच दिलं होतं: दोघेजण मौजेखातर तलवारबाजी करायचं ठरवतात, कुणी लबाडी करत नाही आणि एकाला लागतं, तर दुसरा गुन्हेगार नाही. आज हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ मध्ये आहे. तीत संमती आहे, पण संमतीला मर्यादाही आहे. स्वतः हो म्हटलं म्हणून जीव घ्यायची मुभा कुणाला मिळत नाही.

इंग्लंडातही वाटणी एका दिवसात झाली नाही. तिथे १८३५ च्या कायद्याने बैल आणि अस्वलांवर कुत्रे सोडणं आणि कोंबडे झुंजवणं बंद केलं. उघड्या मुठींची बक्षिसी मारामारी मात्र त्यानंतरही चोरून चालायची. १८६७ चे क्वीन्सबेरी नियम आले तेव्हा हातमोजे, तीन मिनिटांची फेरी, पडलेल्याला उठायला दहा सेकंद हे ठरलं. १८८२ साली तिथल्या न्यायालयाने सांगितलं की उघड्या मुठींच्या लढतीत दोघांची संमती असली तरी ती बेकायदेशीरच. म्हणजे माणसाच्या झुंजीलाही कायद्याने आंधळेपणाने सोडलेलं नाही. नियम घालून घ्या, नाहीतर बंद करा, असं तिला सांगावं लागलं.

आपल्याकडे १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था निघाली आणि १८९० मध्ये पहिला देशव्यापी कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खाजगी विधेयक आणलं. सरकार स्वतः कायदा करील असं नेहरूंनी आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतलं. त्यातून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. त्याच्या कलम ११ मध्ये निव्वळ करमणुकीसाठी जनावराला दुसऱ्या जनावराशी झुंजायला चिथावणं हा गुन्हा आहे. झुंजीसाठी जागा देणं, ती चालवणं, तिकीट घेऊन लोकांना आत सोडणं हेसुद्धा गुन्हे आहेत. यातला ‘चिथावणं’ हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा. मराठीत झुंजणं आणि झुंजवणं ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. पैलवान झुंजतो. कोंबडा, एडका, बैल यांना झुंजवतात.

धीरयोचे समर्थक इथे एक मुद्दा मांडतात आणि तो ऐकून घ्यायला हवा. बैल निसर्गतःच टकरतात, ते म्हणतात. शिवाय धीरयोत जो बैल पाठ फिरवून पळतो तो हरला, झुंज तिथेच संपते, मग संमती आणखी वेगळी काय असते? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही क्षणभर पटलं होतं. पण कुरणात दोन बैल भिडतात तेव्हा हरणाऱ्याला मागे मोकळं रान असतं. धीरयोत भोवती माणसांचं कडं, आरडाओरडा, लावलेले पैसे आणि कासऱ्याने ओढून समोर आणलेला दुसरा बैल असतो. पळून जाणं ही त्याची शेवटची वाट असते, पहिली नव्हे. मैदानात यायचं की नाही हे त्याला कुणी विचारलेलं नाही, जोड बघून मान हलवण्याचा क्षण त्याच्या वाट्याला आलेलाच नाही. आणि पळणारा बैल कड्यातून वाट काढतो ती बघ्यांच्या अंगावरून. १९९६ मध्ये धीरयोत एका माणसाचा जीव गेला. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने धीरयो बंद करण्याचा आदेश दिला. तरीही दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत भाताच्या कापणीनंतरच्या शेतांत चोरून झुंजी लागतात, त्याच्या बातम्या येत राहतात.

विदर्भातल्या कोंबडबाजारात तर युक्तिवादाला जागाच नाही. गडचिरोली-चंद्रपूर भागात पोलीस धाड टाकतात तेव्हा पंचनाम्यात कोंबड्यांबरोबर काती असतात. काती म्हणजे कोंबड्याच्या पायाला दोऱ्याने बांधायचं छोटंसं धारदार पातं. कोंबडा उडी मारून लाथ घालतो ही त्याची जात. त्या लाथेला पातं लावतो तो माणूस. बडोद्याच्या पैलवानांच्या मुठींना बांधलेली नखं आठवा. माणसांच्या झुंजीतून ती नखं केव्हाच निघाली.

अलीकडच्या निकालांनी चित्र थोडं गुंतागुंतीचं केलं. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतला जल्लीकट्टू हा बैलांचा खेळ आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यती बंद केल्या. त्या निकालात बैल भ्यायला की तो एकतर पळतो नाहीतर लढतो, याची नोंद आहे. म्हणजे लढणारा बैल चवताळलेलाच असेल असं नाही, तो घाबरलेलाही असू शकतो. पुढे राज्यांनी कायद्यात दुरुस्त्या केल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये शर्यतींसाठी केली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने या दुरुस्त्या वैध ठरवल्या. काहींनी यातून झुंजींचाही रस्ता मोकळा झाला असा अर्थ काढला. तसा तो झालेला नाही. महाराष्ट्राची दुरुस्ती शर्यतीपुरती आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने आसाम सरकारची रेडे आणि बुलबुल झुंजवायला परवानगी देणारी कार्यपद्धती रद्द केली.

मात्र माणसाच्या बाजूलाही सगळं आलबेल आहे असं मानू नये. यात्रेत आधी रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात, त्यात आठ-दहा वर्षांची पोरं उतरतात. त्यांच्या संमतीला कायद्याच्या भाषेत अर्थ नाही, तिथे वस्ताद आणि आईबाप यांच्यावरच भार असतो. बॉक्सिंगचं तर याहून कठीण. डोक्यावर वर्षानुवर्षं ठोसे खाऊन झोकांड्या जाणाऱ्या बॉक्सरांबद्दल हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टराने १९२८ मध्येच लिहिलं होतं. १९८३ मध्ये जागतिक वैद्यकीय संघटनेने बॉक्सिंगवर बंदीची शिफारस केली. नॉर्वेत व्यावसायिक बॉक्सिंग १९८१ पासून २०१४ पर्यंत बंद होतं. विशीतल्या पोराने दिलेली संमती पन्नाशीत उमटणाऱ्या आजाराला पुरते का, हा प्रश्न खरा आहे. पण तो त्या पोरासमोर ठेवता येतो, डॉक्टर त्याला रिपोर्ट दाखवू शकतो, आणि उद्या तो हातमोजे खुंटीला टांगू शकतो.

१९६० च्या कायद्यातला दंड अगदी नाममात्र आहे. पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडला तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. तो वाढवण्यासाठी केंद्राने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मसुदा लोकांसमोर ठेवला. धीरयोवर एका सकाळी लागणारी पैज पन्नास रुपयांत मोजायचीच नसते, हे सासष्टीतलं शेंबडं पोरही सांगेल.