वन-वे कोणासाठी? सायकल, पाटी आणि एक व्याख्या

पणजीच्या मळा-फोन्तेन्हास भागात उजाडताच पोदेर, म्हणजे पाववाला, येतो. कॅरिअरला पावाची टोपली, वर निळं प्लास्टिक, हँडलला रबरी भोंगा. गल्ली वन-वे आहे की नाही हे तो बघत नाही, कारण गिऱ्हाईक दोन्ही टोकांना असतं. त्याला कोणी हटकल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. तरीही ‘एकेरी रस्त्यावर सायकलला दोन्ही बाजूंनी मुभा द्या’ म्हटलं की ‘म्हणजे राँग साइड कायदेशीर करायची का?’ असा प्रश्न हमखास येतो.

दिशा हा ठरवण्याचा मामला आहे, हे गोव्याला नवं नाही. पोर्तुगालने १९२८ मध्ये उजवी बाजू धरली, पण गोव्यातल्या गाड्या डावीकडूनच धावत राहिल्या. शेजारी ब्रिटिश हिंदुस्थान होता, तेव्हा व्यवहार बघितला गेला. वन-वेही व्यवहारातूनच आले. दोन मोटारी समोरासमोर आल्या की गल्ली तुंबते. दोन सायकली आल्या तर तुंबत नाही, पण वळसा मात्र दोघांनाही सारखाच पडला. मोटारवाल्याचं त्यात थोडं पेट्रोल जातं. सायकलवाल्याला उन्हात पेडल मारावं लागतं, आणि वळसा आल्तिनोच्या चढावरून असला तर विचारूच नका.

युरोपात याची उकल झाली ती मुख्यतः गेल्या तीसेक वर्षांत. जर्मनीने १९९७ मध्ये ठरावीक शांत रस्त्यांवर प्रयोग म्हणून मुभा दिली आणि २००१ मध्ये ती कायम केली. बेल्जियमने १ जुलै २००४ पासून नियमच उलटा केला: तीन मीटर वा अधिक रुंदीचा वन-वे सायकलला दोन्हीकडून खुला, आणि बंद ठेवायचा असेल तर सुरक्षेचं कारण द्यायचं. फ्रान्सने २००८ मध्ये तीस किलोमीटर वेगमर्यादेच्या भागांत हेच आणलं. ब्रिटनचं गाडं अडलं ते पाटीवर. लाल गोलात पांढरी पट्टी, म्हणजे आपली नो एंट्री. तिच्याखाली ‘सायकल सोडून’ असं लिहायला २०११ पर्यंत सरसकट परवानगी नव्हती. मग काही ठिकाणी त्याऐवजी दुसरीच पाटी लावत, मोटारीच्या डोक्यावर मोटारसायकल असलेली, म्हणजे बंदी फक्त मोटार वाहनांना. ती मोटारसायकल उडतेय असंच वाटतं.

नो एंट्रीची तीच पाटी आपल्याकडेही आहे, आणि खरा गुंता इथे सुरू होतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘मोटार वाहन’ किंवा ‘वाहन’ म्हणजे यांत्रिक शक्तीवर चालणारं, अशी एकच व्याख्या आहे. सायकल त्यात बसत नाही. मार्ग बंद करण्याचे अधिकार देणारं कलम ११५ मोटार वाहनांबद्दल बोलतं. उलट्या दिशेने हाकणं धोकादायक ठरवणारी २०१९ ची दुरुस्तीही मोटार वाहनांपुरतीच आहे. याच आधारावर सायकलप्रेमी म्हणतात, वन-वे आम्हाला लागूच नाही, परवानगी कसली मागायची?

पण त्याच कायद्याच्या परिशिष्टातली चिन्हं बघा. ‘एका दिशेने वाहनांना बंदी’ हे एक चिन्ह आणि ‘सर्व मोटार वाहनांना बंदी’ हे दुसरं. व्याख्येप्रमाणे वाहन म्हणजेच मोटार वाहन असेल तर दोन शब्द कशाला? बैलगाडी, टांगा, हातगाडी आणि सायकल यांच्या बंदीची चिन्हंही वेगळी आहेत. पाटी रंगवणाऱ्याच्या मनात ‘वाहन’ म्हणजे चाकं असलेलं सगळं काही होतं, असंच यातून दिसतं. मला स्वतःला व्याख्येची बाजू भक्कम वाटते. मात्र चौकात शिट्टी वाजवणाऱ्या हवालदाराशी व्याख्येवर वाद घालून बघा. शिवाय वाहतूक नियमनाचे पोलिसांचे अधिकार या एकाच कायद्यातून येत नाहीत.

म्हणून ‘सायकल सोडून’ एवढी दोन शब्दांची पूरक पाटी महत्त्वाची. हक्क असो वा सवलत, समोरून येणाऱ्या रेंट-अ-कारवाल्या पर्यटकाला तिच्यामुळे कळतं की पुढून सायकल येऊ शकते.

रुंदीचा प्रश्न त्यानंतरचा. मळ्यातल्या गल्ल्या कागदावर तीन मीटर भरतीलही, पण भिंतीला चिकटून स्कूटर लावल्या की किती उरतात? गोव्यात नोंदलेली वाहनं आता माणसांहून जास्त झाली आहेत. बेल्जियमच्या नियमात वाहतुकीला मोकळी रुंदी मोजतात. आपल्याकडे तसं करायचं तर आधी पार्किंग हलवावं लागेल, आणि विरोध तिथूनच होतो.

त्यात आता बॅटरीच्या सायकलींची भर पडली आहे. २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी गाडी केंद्रीय नियमांनुसार मोटार वाहन धरली जात नाही. म्हणजे ‘सायकल सोडून’ लिहिलं, तर खाण्याचं पार्सल घेऊन धावणारा पोरगाही त्यात आला का, हे पाटी लावण्याआधी ठरवावं लागेल.