बाळंतपणानंतरची कंबरदुखी आणि कोअर स्नायू

बाळंतपणानंतरची कंबरदुखी म्हणजे डिलिव्हरीनंतर कमरेच्या खालच्या भागात, माकडहाडाच्या आसपास किंवा मागे पाठ आणि कुल्ले मिळतात तिथल्या सांध्यांत जाणवणारं दुखणं. गरोदरपणात साधारण निम्म्या बायकांना असं काहीतरी दुखतंच, आणि बहुतेकींचं डिलिव्हरीनंतरच्या काही महिन्यांत कमी होत जातं. पण काही जणींचं राहतं, आणि मूल झालं म्हणजे कंबर जाणारच असं म्हणून ते वर्षानुवर्षं अंगावर काढलं जातं, जे खरं तर अजिबात गरजेचं नाही कारण योग्य व्यायामाने यात बराच फरक पडतो.

कोअर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर सिक्स पॅक येतो, पण तो फक्त वरचा थर. खरा कोअर एखाद्या डब्यासारखा असतो, वर झाकण म्हणजे श्वासपटल, तळ म्हणजे पेल्विक फ्लोअर (ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे असलेले स्नायू), भोवताली पट्ट्यासारखा गुंडाळलेला ट्रान्सव्हर्सस अॅब्डॉमिनिस हा पोटाचा सगळ्यात आतला स्नायू, आणि मागे मणक्यांना धरून असलेले मल्टिफिडसचे छोटे छोटे स्नायू. श्वास घेतला की झाकण आणि तळ दोन्ही खाली जातात, सोडला की वर येतात. १९९६ साली ऑस्ट्रेलियात पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी दाखवलं की आपण नुसता हात हलवायच्या आधीच हा आतला स्नायू आवळलेला असतो, आणि कंबरदुखी असलेल्यांमध्ये तो उशिरा आवळतो. त्यावरून पुढे बरीच वर्षं हा एकच स्नायू वेगळा शोधून जागा करा असं शिकवलं गेलं, आता तेवढा अट्टाहास राहिलेला नाही, कारण बाकीच्या नीट वाढवत नेलेल्या व्यायामांनीही कंबरदुखीत साधारण तेवढाच फायदा होतो असं दिसलंय.

गरोदरपणात पोट वाढतं तसे पुढचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब जातात आणि त्यांच्या मधली लिनिया अल्बा नावाची पट्टी ताणून पातळ होते. याला डायस्टेसिस रेक्टाय म्हणतात. पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे, डोकं थोडंसं उचलायचं आणि बेंबीपाशी आडवी बोटं ठेवून बघायचं, दोन बोटांपेक्षा जास्त जागा लागली तर गॅप आहे असं ढोबळमानाने धरतात, नेमकं माप सोनोग्राफीत कळतं. नॉर्वेत पहिलटकरणींचा अभ्यास झाला होता, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सहा आठवड्यांनी ६० टक्के आणि वर्षानंतरही साधारण ३३ टक्के जणींना गॅप होती. आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की गॅप असलेल्यांना कंबरदुखी जास्त होती असं काही आढळलं नाही. म्हणून रोज बोटांनी गॅप मोजत बसून जीवाला घोर लावून घेण्यात अर्थ नाही, किती बोटं यापेक्षा जोर लावल्यावर ती पट्टी ताठ होते का, पोट मधोमध डोंगरासारखं वर येतं का, हे बघणं जास्त उपयोगाचं.

मग कंबर दुखते कशाने? एकच कारण नसतं. ताणलेले आणि ताकद गेलेले पोटाचे स्नायू, सैल झालेले सांधे, अपुरी झोप, आणि त्यात दिवसातून कितीतरी वेळा बाळाला उचलणं, वाकून दूध पाजणं, एका कुल्ल्यावर घेऊन उभं राहणं. पाजताना आपण बाळाकडे वाकण्याऐवजी उशी घेऊन बाळाला छातीपर्यंत वर आणायचं, उचलताना अंगाजवळ धरून श्वास सोडत उचलायचं, एवढ्यानेही बऱ्याच जणींना हलकं वाटतं. एपिड्युरलच्या, म्हणजे कळा जाणवू नयेत म्हणून पाठीत देतात त्या भुलीच्या सुईमुळे कंबर कायमची गेली असं खूप जणी मानतात, सुई टोचल्या जागी काही दिवस दुखू शकतं हे खरं, पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीशी तिचा संबंध अभ्यासांत दिसलेला नाही.

व्यायामाची सुरुवात श्वासापासून होते. श्वास सोडताना पेल्विक फ्लोअर हळूच वर ओढायचा आणि खालचं पोट आत घ्यायचं, श्वास घेताना पूर्ण सैल सोडायचं. पेल्विक फ्लोअरचे हे व्यायाम अमेरिकन डॉक्टर आर्नल्ड केगेल यांनी १९४८ च्या सुमारास मांडले म्हणून केगेल नावानेच ओळखले जातात, पण सोडणंही आवळण्याइतकंच महत्त्वाचं आहे, काहींचे हे स्नायू मुळातच आखडलेले असतात आणि नुसतं आवळत राहिलं तर दुखणं वाढतं. मग पाठीवर झोपून टाच सरकवणं, ब्रिज म्हणजे तसंच झोपून गुडघे वाकवून कुल्ले वर उचलणं, हातापायांवर येऊन उलटसुलट हात-पाय लांब करणं, आणि पुढे उठाबशा आणि वजनं. पहिल्याच महिन्यात क्रंचेस (पाठीवर झोपून डोकं-खांदे वर उचलायचा पोटाचा व्यायाम) सुरू करायची घाई नको, ते वाईट म्हणून नाही तर क्रम चुकतो म्हणून. पळणं साधारण १२ आठवड्यांच्या आत नको असं फिजिओथेरपिस्ट सांगतात.

सिझेरियनमध्ये सहसा पोटाचे उभे स्नायू कापत नाहीत, बाजूला करतात, पण त्यांच्यावरचं जाड आवरण कापलेलं असतं आणि ते भरायला वेळ लागतो, त्यामुळे पहिले सहा आठवडे जड उचलणं टाळायचं आणि व्यायाम डॉक्टरांना विचारूनच वाढवायचे. पोटाचा बेल्ट सुरुवातीला आधार देतो, चालायला बरं वाटतं, पण बेल्ट घालून स्नायूंत ताकद येत नाही.

काही लक्षणं मात्र व्यायामावर सोडायची नाहीत. लघवी किंवा संडासवरचा ताबा अचानक जाणं, लघवी अडकणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं, कंबरदुखीबरोबर ताप, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. खोकताना, शिंकताना थोडी लघवी होणं ही तशी इमर्जन्सी नाही, पण तेही लपवून ठेवायचं नाही, पेल्विक फ्लोअरचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला दाखवायचं, डिलिव्हरीला पाच वर्षं होऊन गेली असली तरी.